पंपरूममधली मोकळी जागा

जहाज बांधायचं तर ते आधी कॉम्प्युटरमध्ये बांधावं लागतं. त्या गोदीतही तसंच चाललं होतं. बाहेर लोखंडी सांगाडा अजून उघडाबोडका उभा होता, पण ड्रॉइंग ऑफिसच्या सर्व्हरमध्ये त्याच जहाजाच्या भिंती चढल्या होत्या, जिने लागले होते, आणि तळाच्या पंपरूममध्ये तर पाय ठेवायला जागा नव्हती. मोठाले पंप, त्यांना येऊन मिळणारे जाडजूड पाइप, व्हॉल्व्ह, दिवे, आणि छताखालून गेलेले केबलचे ट्रे.

या पंपरूमचं काम दोन माणसं करत होती आणि त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

पाइपचं काम करणारी नव्या इमारतीत बसायची. चाळिशी ओलांडलेली, हाताला चलाख, जिभेला त्याहून चलाख. सगळं ऑफिस तिला ताई म्हणायचं, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. ड्रॉइंग उघडायचं, हवं ते सरकवायचं, बंद करायचं आणि पुढं जायचं, अशी तिची रीत. केबलचं काम करणारा गोदीच्या पलीकडच्या जुन्या इमारतीत बसायचा. तो विचार करून काम करणारा होता; म्हणजे आधी पुष्कळ विचार आणि मग थोडंसं काम. पण एकदा त्यानं टाकलेली केबल पुन्हा काढावी लागली असं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

आता त्यांची गाठ कशी पडली ते सांगायचं तर सर्व्हरचं थोडं सांगावं लागेल. सर्व्हरमध्ये प्रत्येक गोष्ट ही एक वस्तू होती. हा पाइप एक वस्तू, तो व्हॉल्व्ह एक वस्तू, वरचा दिवा एक वस्तू. पण सुटी सुटी वस्तू मागत बसलं तर वेळ जातो, म्हणून जहाजात जवळजवळ असणाऱ्या वस्तू एका पानावर एकत्र ठेवलेल्या असत. तुम्ही एक वस्तू मागितली की सर्व्हर अख्खं पान तुमच्या मशीनवर पाठवून देई. बदल करायला घेतला की त्या पानाला कुलूप लागे. मग तुम्ही सोडेपर्यंत इतरांना ते पान बघता येई, बदलता येत नसे. कुलूप हवंच होतं. नाहीतर दोघांनी एकाच वेळी एकच पाइप दोन दिशांना वळवला असता, आणि ज्यानं शेवटी सेव्ह केलं त्याचाच खरा झाला असता. घोडं पेंड खात होतं ते निराळ्याच ठिकाणी. ताईचा व्हॉल्व्ह आणि त्याचा केबल ट्रे पंपरूममध्ये शेजारी होते, म्हणून सर्व्हरमध्येही एकाच पानावर होते. त्यानं ट्रेला हात लावला की तिचा व्हॉल्व्ह आपोआप कुलपात जाई. आणि ट्रेला हात लावून झाला की तो हनुवटीला हात लावून विचार करत बसे.

पान कुणाच्या मशीनवर अडकलंय ते स्क्रीनवर दिसायचं, टेलिफोनच्या नंबरासकट. ताईनं एक दिवस वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी फोन फिरवला.

तिचा आवाज मुळात मोठा. त्यानं रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला. पंपरूमचं पान तुमच्याकडे आहे का, असं तिनं विचारलं. आहे, तो म्हणाला. मग त्यात काही करताय की ते उबवायला ठेवलंय? यावर त्यानं थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की उबवतोच आहे, पण तिला हवं असेल तर लगेच सोडतो. भांडायच्या तयारीनं कंबर कसून बसलेली ताई एकदम सैल पडली. पान सुटलं. तिनं व्हॉल्व्ह सरकवला, पान सोडलं, आणि दुपारी पाहते तर ते पुन्हा त्याच्याकडे.

असं रोजचंच होऊन बसलं. ती फोन करायची, "पाइप बोलतेय." तो म्हणायचा, "केबल ऐकतोय." सुरुवातीला तेवढंच. मग पान सुटायला लागणाऱ्या वेळात आणखी चार शब्द यायला लागले. त्याच्याकडच्या खिडकीतून जहाजाचा पुढचा भाग दिसतो, तिच्याकडून मागचा, हे कळलं. त्याला पुतण्यांची गणितं घ्यावी लागतात, तो भावाकडे राहतो, आणि वहिनीनं त्याच्यासाठी मुली बघून बघून शेवटी हात टेकले, हेही तिला कळलं. हे शेवटचं त्यानं सांगितलं नव्हतं. मागं बसणाऱ्या कुणीतरी मोठ्यानं चेष्टा केली ती फोनवर ऐकू आली.

तिचा आवाज मोठा का, तेही त्याला असंच एकदा समजलं. तिचे बाबा जहाजांवर बॉयलरच्या खोलीत काम करून निवृत्त झाले होते, आणि बॉयलरनं त्यांचे कान नेले होते. घरी दोघंच. घरी ओरडून बोलावं लागायचं, आणि ऑफिसात येईपर्यंत आवाज उतरायचा नाही. म्हणजे ही बाई आपल्यावर रागावलेली नसते तर, हे त्याच्या ध्यानात आलं. त्या दिवसापासून तो रिसीव्हर कानाला लावून ऐकू लागला.

जुन्या इमारतीतल्या लोकांच्या नजरेतून काही सुटत नाही. फोन वाजला की याच्या हनुवटीवरचा हात निघतो, हे त्यांनी पाहिलं होतं. एकदा जेवायच्या सुट्टीत कुणीतरी विचारलं की सगळी गोदी त्यांना ताई म्हणते, तू तेवढा का म्हणत नाहीस. त्यानं जेवणाच्या डब्यात मान घातली आणि कान लाल झाले. पुन्हा कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नाही.

पण पंपरूम एकटी नव्हती. जहाजभर हेच चाललं होतं. स्वयंपाकघराच्या पानावर हवेचे डक्ट आणि सांडपाण्याच्या नळ्या एकमेकांना अडवत होत्या, इंजिनरूममध्ये तर लोक पान मिळावं म्हणून सकाळी लवकर यायला लागले होते. काम मागं पडायला लागलं. मुख्य साहेबांनी डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंना बोलावून घेतलं.

कुणी काय, कधी आणि किती काळ अडवून धरायचं याचे नियम या बाईंनीच लिहिले होते, म्हणून त्यांच्या माघारी त्यांना कुलूपवाल्या बाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. साहेबांनी गाऱ्हाणं सांगितलं. बाईंनी सर्व्हरवरच्या नोंदी काढल्या आणि सगळ्यांत जास्त वाट कुठं पाहिली जाते ते शोधलं. पहिला नंबर पंपरूमचा होता. तोसुद्धा असा, की दुसरा नंबर त्याच्या आसपास नव्हता.

बाई आधी ताईकडे गेल्या. एवढा खोळंबा सोसणारी बाई आपल्यावर तुटून पडेल अशी त्यांची अपेक्षा होती. ताई म्हणाली, तसं काही खास नाही, फोन केला की ते सोडतात. बाई चकित होऊन गोदी ओलांडून जुन्या इमारतीत गेल्या. केबलवाल्यानं त्यांना खुर्ची दिली आणि नेहमीसारखा बराच विचार केला.

"त्रास असा नाही," तो म्हणाला. "त्या फोन करतात."

"म्हणजे तुमचं काम थांबतं."

"थांबतं. पण वाईट थांबत नाही."

बाईंनी दोन मुलींची लग्नं लावलेली होती. त्यांना काय समजायचं ते समजलं. पण दोन माणसांसाठी अख्खं जहाज अडवून ठेवता येत नाही.

पहिल्यांदा त्यांनी सरळ उपाय केला. पानाचं कुलूप काढून टाकलं आणि प्रत्येक वस्तूला तिचं तिचं कुलूप दिलं. तो ट्रे घेऊन बसला तर बसू दे, तिचा व्हॉल्व्ह मोकळा. ऐकायला अगदी न्यायाचं होतं. पण एक पाइप सरकवायचा तर त्याबरोबर त्याचे टेकू, जोड, बोल्ट, वॉशर असं सगळं लेंढार हलतं. एकेका वॉशरसाठी मशीन सर्व्हरला विचारायला लागलं, घेऊ का, घेऊ का. गोदीतली सगळी मशीनं एकदम विचारायला लागल्यावर सर्व्हर मेटाकुटीला आला. आधी लोक एकमेकांची वाट बघत होते, आता सगळे मिळून सर्व्हरची वाट बघायला लागले. रोग परवडला पण औषध नको, असं साहेब म्हणाले. बाईंनी वाद घातला नाही. आकडे त्यांच्यासमोरच होते.

मग त्या आपल्या खोलीचं दार लावून बसल्या आणि मधला रस्ता काढला. पान आधीसारखं अख्खं द्यायचं, एकाच कुलपात. त्यातलं दुसऱ्या कुणी काही मागत नाही तोवर कुणाला काही विचारायचं नाही. मागितलंच, तर सर्व्हरनं पान धरून बसलेल्या मशीनला विचारायचं, बाबा रे, तुझ्या हातात नेमकं काय आहे? हातात असेल तेवढ्यालाच कुलूप ठेवायचं, बाकीचं पान मोकळं करायचं. म्हणजे जिथं भांडण नाही तिथं मोठं कुलूप, आणि जिथं भांडण आहे तिथं बारीक. हे जमलं. सर्व्हर शांत झाला, लोक पुन्हा वेळेवर यायला लागले, आणि साहेबांनी बाईंना सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

जुन्या इमारतीतला फोन वाजायचा बंद झाला.

केबलवाल्याला पहिल्या दिवशी वाटलं, ती रजेवर असेल. पण स्क्रीनवर तिचे पाइप हलत होते. दुसऱ्या दिवशी त्यानं रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे का ते पाहिलं. चालू होती. ट्रे हातात धरून तो पूर्वीपेक्षाही जास्त वेळ बसून राहिला, पण कुणाचं काही अडलं नाही. बाईंनी काम चोख केलं होतं.

नव्या इमारतीत ताईचं काम भराभर उरकत होतं आणि ती चिडचिड करत होती. घरी बाबांनी तिसऱ्या संध्याकाळी जेवताना ताट बाजूला सारलं. रोज ती घरी आली की केबल आज असं म्हणाले, केबल तसं म्हणाले, हे त्यांना ओरडून सांगायची. बाबांना निम्मं ऐकू यायचं, पण ते निम्मं ते आवडीनं ऐकायचे. आता काहीच येईना.

"केबलचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

तिनं ओरडून सांगितलं की कुलपं बदलली, आता फोन करायची गरज पडत नाही.

"गरज नाही म्हणून तोंड एवढंसं झालंय होय," बाबा म्हणाले आणि ताट पुन्हा पुढं ओढलं. ऐकू न येणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून तिनं त्यांना आणखी भात वाढला.

आठवड्याच्या शेवटी केबलवाला कुलूपवाल्या बाईंच्या दारात येऊन उभा राहिला. आत या म्हटल्यावर आला, बसा म्हटल्यावर बसला, आणि पुढं काय ते त्याला सुचेना. शेवटी त्यानं विचारलं की पंपरूमचं एक पान जुन्या पद्धतीवर ठेवता येईल का. एकच पान. कुणाला कळणारही नाही.

बाईंनी चष्मा काढला. "कशासाठी?"

"सवय झाली होती."

बाईंना हसू येत होतं, पण त्यांनी ते दाबलं. नियम सगळ्या जहाजाला एक, त्या म्हणाल्या, आणि पुढं हळूच विचारलं की फोन करायला कुलूप कशाला लागतं. तो म्हणाला, कुलूप नाही, पण काहीतरी काम लागतं. उगाच कसा करणार? बाईंनी चष्मा पुन्हा लावला. तो उठला, खुर्ची नीट जागेवर ठेवली आणि गेला. बाईंचं मात्र त्या दिवशी कामातून मन उडालं.

त्यानंतर पंपरूम ड्रॉइंगमधून उतरून खऱ्या लोखंडात बांधायला गेली. आणि एका सकाळी जहाजावरून फोरमनचा निरोप आला. पाइप आणि केबल, दोघांनीही खाली यावं. ताबडतोब.

ताई आधी पोचली. डोक्यावर हेल्मेट, हातात टॉर्च. जी खोली तिनं महिनोन्‌महिने रेघांमध्ये पाहिली होती ती तिच्या भोवती उभी होती, लहान, बुटकी, रंगाचा आणि वेल्डिंगचा वास सुटलेली. तिचा पाइप तिनं काढला होता तसाच भिंतीपासून वर चढून वळला होता, पक्का वेल्ड केलेला. आणि त्याच्यासमोर दोन कामगार केबलच्या ट्रेचा एक लांब तुकडा धरून तिष्ठत उभे होते, कारण ट्रे जिथून जायचा होता नेमका तिथूनच पाइप गेला होता. ड्रॉइंगप्रमाणे पाहिलं तर ट्रे पाइपच्या आरपार जात होता.

शिडीवर आधी बूट दिसले, मग सावकाश उतरणारे पाय, मग पाठ. वळल्यावर तो छताला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून उभा राहिला. त्याच्या संथ बोलण्यावरून तिनं एखादा म्हातारा, जाडसर माणूस मनात धरला होता. हा उंच होता आणि केस पिकले असले तरी चेहरा पिकला नव्हता. त्यानंही आवाजावरून एक दणकट बाई कल्पिली होती. समोर वेतासारखी बारीक, त्याच्या खांद्याला लागेल न लागेल अशी बाई उभी होती. त्याला वाटलं, ही दुसरीच कुणी असेल.

"केबल?" तिनं विचारलं, आणि लोखंडी खोली त्या आवाजानं दणाणली. मग त्याची खात्री पटली.

फोरमन भांडणाची वाट बघत होता. पाइपवाले आणि केबलवाले समोरासमोर आले की काय होतं ते त्यानं आयुष्यभर पाहिलं होतं. इथं मात्र ती म्हणाली चूक माझी, पाइप वर न्यायच्या आधी विचारायला हवं होतं, आणि तो म्हणाला चूक माझी, ट्रे मीच हलवला. फोरमन थोडा वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला की चूक कुणाची ते तुम्ही सवडीनं वाटून घ्या, आधी सरकणार कोण ते सांगा, माझी माणसं ओझं धरून उभी आहेत.

दोघं टॉर्च घेऊन पाहायला लागले. एकाच दुपारी दोघांनी आपापली वस्तू हलवली होती. तिनं पाइप वर घेतला, कारण खाली पंप उघडायला जागा हवी होती. त्यानं ट्रे भिंतीकडे घेतला. दोघांनाही वाटलं की भिंतीलगतची ती मोकळी जागा मोकळीच आहे.

"पण ट्रे बरा होता की आधी," ती म्हणाली. "इकडे कशाला आणलात?"

त्यानं टॉर्च ट्रेकडे वळवला. फोरमन ऐकत होता. तिनं पुन्हा विचारलं.

"व्हॉल्व्हच्या चाकाला हात फिरवायला जागा नाही, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात," तो म्हणाला. "म्हणून सरकवला."

ती हे कधी म्हणाली होती ते तिला आठवेना. फोनवर पान सुटायची वाट बघताना ती पुष्कळ काही बोलायची. तिनं वळून व्हॉल्व्हचं चाक पाहिलं. त्याच्याभोवती आता खरंच ऐसपैस जागा होती. तिनं चाकावर हात ठेवला, उगाचच एकदा फिरवल्यासारखं केलं, आणि फोरमनला सांगितलं की ट्रे राहू दे, पाइप कापा, मी तो पंपाच्या मागून नेते.

जहाजावरून ही गोष्ट साहेबांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. वेल्ड केलेला पाइप कापणं म्हणजे गोदीत मानहानीच. त्यांनी बैठक बोलावली. म्हणाले, जुन्या कुलपांत वेळ जात होता, पण असं कधी झालं नव्हतं. जुनी पद्धत परत आणावी असं त्यांचं मत होतं. सगळ्यांनी कुलूपवाल्या बाईंकडे पाहिलं. बाई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात साहेबांनी केबलवाल्याला विचारलं, तुमचं काय म्हणणं? तुमच्याच पानावर झालंय हे.

त्याला काय हवं होतं ते त्या खोलीत फक्त बाईंना ठाऊक होतं. आता ते त्याला बशीत घालून समोर ठेवलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

त्यानं नेहमीसारखा वेळ घेतला.

"जुन्या कुलपानं आम्हाला वाचवलं नव्हतं," तो म्हणाला. "तो योगायोग होता. ट्रे आणि पाइप एका पानावर होते म्हणून एकाला थांबावं लागायचं. ते दोन वेगळ्या पानांवर असते तर तेव्हाही हेच झालं असतं. आत्ताही कुलपानं काही चुकीचं केलेलं नाही. मी माझा ट्रे हलवला, त्यांनी त्यांचा पाइप. मधल्या मोकळ्या जागेला कुलूपच नव्हतं, कारण ती कुणाचीच वस्तू नव्हती. जुनी पद्धत आणली तर सगळं जहाज अडेल आणि ही चूक कुठंतरी दुसरीकडे होईलच."

एवढं लांब बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं. ताई त्याच्याकडे बघत राहिली. साहेब बाईंकडे वळले आणि मग करायचं काय म्हणाले.

बाईंनी त्याच्याच बोलण्याचं सूत धरलं. मोकळी जागा कुणाची नाही, तर ती खोलीची करूया, त्या म्हणाल्या. सर्व्हरमध्ये खोली हीसुद्धा एक वस्तू असेल. आत काही काम करायचं असेल तर आधी खोलीच्या दारावर आपली पाटी लावायची, की मी आत आहे. पाटीनं कुणाचं अडत नाही. दहा पाट्या शेजारी शेजारी लागू शकतात. आपापली वस्तू आहे तिथंच बदलायची तर खुशाल बदला. पण नव्या जागेत काही न्यायचं असेल, तर तेवढ्या क्षणापुरतं अख्ख्या खोलीचं कुलूप घ्यायचं, जागा खरंच रिकामी आहे ना ते तपासायचं, आणि सोडायचं. आणि दारावर दुसऱ्या कुणाची पाटी असेल, तर ती तुमच्या स्क्रीनवर दिसेल.

साहेबांना पटलं. बाईंनी ते लिहिलंही, आणि पुढं त्या जहाजात पाइप कापायची वेळ पुन्हा आली नाही.

बैठक संपल्यावर बाईंनी ताईला दारात गाठलं आणि हलकेच सांगून टाकलं की केबलवाले एकदा माझ्याकडे आले होते, पंपरूमला जुनं कुलूप मागायला. असं सांगणं त्यांच्या पदाला शोभणारं नव्हतं. पण त्यांच्यानं राहवलं नाही.

ताईनं त्याला गोदीच्या कडेनं जाताना गाठलं. जहाजावर ठोकाठोक चालली होती, म्हणून यावेळी तिच्या मोठ्यानं बोलण्याला कारण होतं.

"तुम्हाला जुनी कुलपं हवी होती म्हणे."

"हो."

"मग आज गप्प बसायचं होतं. साहेब देतच होते."

"खोटं झालं असतं," तो म्हणाला. थोडं चालल्यावर त्यानं विचारलं, "फोन केला तर चालेल का? काम नसताना?"

"घरी करा," ती म्हणाली. "बाबांना ऐकू येत नाही. तेव्हा फोन मीच उचलणार."

त्यानं त्याच संध्याकाळी केला. काय बोलायचं ते त्यानं रस्ताभर ठरवलं होतं आणि त्यातलं काही बोलला नाही. त्याच्या वहिनीनं दाराआडून बराच वेळ कानोसा घेतला, आणि याचं बोलणं संपेना तेव्हा मुलांना सांगितलं की आज गणितं तुमची तुम्ही करा.

पुढच्या रविवारी तो ताईच्या घरी गेला. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कुठं काम करतोस असं विचारलं. त्यानं सांगितलं, ते ऐकू गेलं नाही. त्यानं जोरात सांगितलं, तरी नाही. तो आयुष्यात कधी ओरडला नव्हता, त्याला ओरडता येईना. शेवटी तो बाबांच्या खुर्चीला लागून बसला, थेट कानाशी तोंड नेलं आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला. बाबांना सगळं समजलं. मुलीचं ओरडणं भराभर असायचं, त्यातलं निम्मं निसटायचं. याचं काहीच निसटत नव्हतं. ती आतून चहा घेऊन आली तेव्हा दोघं बॉयलरच्या झडपांवर बोलत होते आणि बाबा इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं काहीतरी त्याला सांगत होते. तिनं कप ठेवले आणि आवाज न करता परत आत गेली. डोळे पुसायचे होते.

जहाज पाण्यात उतरायच्या आधी त्यांचं लग्न झालं. साधंच झालं. कुलूपवाल्या बाई दोन्हीकडच्या पाहुण्या म्हणून आल्या आणि कुणाच्या बाजूला बसायचं यावरून त्यांची ओढाताण झाली. जुन्या इमारतीतल्या लोकांनी एक भलाथोरला केक आणला, ज्याच्यावर पाइप आणि केबल काढलेले होते, आणि ते एकमेकांना कुठंही छेदत नाहीत हे मुद्दाम दाखवलं.

पंप पहिल्यांदा चालवून बघायचे होते त्या दिवशी घरच्या माणसांना जहाजावर यायची परवानगी मिळाली. बाबांना खाली जायचंच होतं. ते शिडी उतरतील का याची मुलीला धास्ती होती, पण ते दोघांच्याही आधी उतरले, उलट्या पावलांनी, हात न चुकता, जन्मभर उतरले होते तसे. खाली त्यांनी छत पाहिलं, दिवे पाहिले, पंपांभोवती एक फेरी मारली. दिवा थोडा इकडे हवा होता असं म्हणाले. जावई त्यांच्या कानाशी म्हणाला, आता हलत नाही. बरं, बाबा म्हणाले.

फोरमननं कळ दाबली. खोलीत एकदम एवढा आवाज भरला की सगळ्यांनी कानांवर हात घेतले. बाबांनी घेतले नाहीत. त्यांनी पुढं होऊन मुलीच्या पाइपवर तळहात टेकवला, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले. आवाज स्थिर होईपर्यंत. मग त्यांनी मान डोलावली, जावयाचा हात धरून आपल्या हाताशेजारी पाइपवर ठेवला, आणि बोटानं दाखवलं की थांब, आतलं पाणी हाताला कळेल तुला.

तो थांबला.